पडद्याआड बसवलेली घोडी

मित्रांनो, आधी माझी तक्रार ऐका, ओळख मागाहून सांगते. जी पोर लहानपणी माझ्या पायपट्टीच्या तालावर झोपी जायची, त्या पोरीने मला ढकलत ढकलत मोरीशेजारच्या कोपऱ्यात नेलं, अंगावर फुलाफुलांची चादर टाकली आणि वर पडदा ओढला. का, तर सरकारी ऑफिसातून बाई यायच्या होत्या! बरं, झाकलं तर झाकलं. निदान माझ्या पोटाखालच्या डोणीतलं पाणी तरी काढायचं! तेही नाही. मला तशीच पाण्यात बसवून ती टेबलावर फुलदाणी मांडायला गेली.

मी एक जुनी धार लावायची घोडी आहे. घोडी म्हणजे चार पायांचा लाकडी सांगाडा. वर लोखंडी आसावर दगडाचं जाडजूड चाक, खाली पायपट्टी, आणि चाकाचा काठ ओला राहावा म्हणून मधोमध लाकडी डोणी. पायपट्टी दाबली की चाक फिरतं, चाकाला पातं टेकवलं की धार येते. एवढंच माझं शिक्षण. अक्षर मला येत नाही, पण बोथट वस्तू आणि बोथट माणूस मी लांबून ओळखते.

मला घडवलं ते धाकटीच्या आजोबांनी. धाकटी म्हणजे तीच ती चादरवाली. भावंडांत शेवटची म्हणून धाकटी, आणि आता कंपनी काढायला निघाली तरी धाकटीच. तर आजोबा स्वतः खाणीवर गेले आणि दगड वाजवून पाहू लागले. ज्याचा आवाज फुटका, तो बाजूला. ज्याचा आवाज बसका, तोही बाजूला. मी मात्र अशी खणखणीत वाजले की आजोबा म्हणाले, "ही घरी यायची." एखाद्या सुनेला पसंत करावं तसं त्यांनी मला पसंत केलं. पाथरवटाने मला गोल केलं, सुताराने सांगाडा केला, लोहाराने आस ठोकला. त्या दिवसापासून त्या घराची चूल माझ्या जिवावर पेटली. हा गर्व नाही. असला तरी खोटा नाही.

आजोबांच्या मुलाला माझा कंटाळा होता आणि सुनेला माझा लळा. म्हणून आजोबांनी विद्या दिली ती सुनेला. तीच आमची आक्का, धाकटीची आई. सुरुवातीला लोक हसले. एक न्हावी वस्तरा हातात धरून दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "बाईच्या हातची धार कशी असेल कोण जाणे!"

आक्का म्हणाली, "तुमच्या जिभेला लावून दाखवू का?"

वस्तरा ठेवून गेला बिचारा, आणि पुढे म्हातारा होईपर्यंत दुसरीकडे गेला नाही. शिंपी आले, आचारी आले, चामड्याचं काम करणारे आले. आक्काने कुणाला घाई करू दिली नाही की कुणाला परत पाठवलं नाही.

तिचे नियम दोनच, पण ते मोडले की घर डोक्यावर घ्यायची. एक, गिऱ्हाइकाच्या पात्याने घरातलं काही कापायचं नाही, साधं लिंबूसुद्धा नाही. दुसऱ्याने विश्वासाने दिलेली वस्तू आहे ती. त्यामुळे घरातली आमची स्वतःची सुरी मात्र कायम बोथट, कारण तिला धार लावायला आक्काला फुरसत कधी मिळायची! आणि दुसरा नियम माझ्यासाठी होता. काम संपलं की डोणी रिकामी करायची. मित्रांनो, दगड पाणी पितो. मी चाक थांबवून पाण्यात बसून राहिले तर माझी खालची बाजू पाणी पिऊन जड होते. मग फिरताना मी धडधडते. हे वरचेवर झालं तर माझं अंग मऊ पडतं, आणि एखाद्या दिवशी जोरात फिरवताना तडा जातो. तडा गेलेलं चाक म्हणजे फिरवणाऱ्याच्या जिवाला धोका. आता कळलं ना, मी चादरीपेक्षा पाण्याला का घाबरते ते?

धाकटी शिकली, परदेशात गेली, तिथल्या एका मोठ्या हॉटेलच्या मुदपाकखान्यात कामाला लागली. तिथे तिने पाहिलं की सगळ्यांच्या सुऱ्या बोथट. धार लावायला लांबच्या शहरात पाठवायच्या आणि परत येईपर्यंत टोमॅटो चिरडत बसायचं. तिच्या डोक्यात किडा वळवळला. तिने फोन केला, "आई, इकडे ये. आणि येताना घोडी घेऊन ये. आपण इथे कंपनी काढू."

आक्काने खोली सोडली, चार भांडी वाटून टाकली, मला सुटी केली आणि चाक रजईत गुंडाळून खोक्यात भरलं. तिकडच्या विमानतळावर धाकटी घ्यायला आली होती. तिथल्या तपासणीच्या साहेबाने खोकं उघडलं, आत रजई, रजईत दगड! तो चक्रावलाच. माझ्या पोटात काही दडवलंय की काय म्हणून मला टकटक वाजवून पाहू लागला.

आक्का धाकटीला म्हणाली, "सांग त्याला, माझ्या सासऱ्यांनी वाजवूनच घेतलाय. पुन्हा कशाला वाजवतो?"

मला वाटलं होतं, पोचलो की लगेच कामाला लागू. कसलं काय! परक्या माणसाला तिथे धंदा करायचा तर आधी कंपनी नोंदवावी लागते. नोंदणीवाले म्हणाले, कंपनीचा पत्ता दाखवा. जागेचे मालक म्हणाले, करार कंपनीच्या नावाने करू, आधी कंपनी दाखवा. बँकवाले म्हणाले, खातं उघडून देऊ, आधी नोंदणी दाखवा. नोंदणीवाले पुन्हा म्हणाले, भांडवल ठेवलेलं बँकेचं खातं दाखवा. मी जन्मभर गोल गोल फिरले आहे, पण मी फिरले की निदान धार तरी निघते!

धाकटी सकाळी केस नीट बांधून बाहेर पडायची आणि संध्याकाळी ते विस्कटून परत यायची. तिचा त्या देशात राहायचा परवाना आधी हॉटेलच्या नोकरीवर होता. कंपनीसाठी तिने नोकरी सोडली, आणि परवाना कंपनीच्या नोंदणीला टांगला गेला. नोंदणी झाली तर राहायचं. नाही झाली तर सामान बांधायचं. आणि बांधलेलं सामान उघडायला मागे घर उरलं नव्हतं, ते आक्काने सोडलं होतं. हे दोघी एकमेकींशी कधी बोलल्या नाहीत. जेवताना मात्र दोघींचा घास हातातच राहायचा. मी बघत असे.

त्यांना मदत करायला होता एक कागदवाला. आपल्याच भाषेचा, परक्या लोकांच्या कंपन्यांची कागदपत्रं करून देणारा. माणूस वाईट नव्हता. रस्त्यालगतची ही खोली म्हाताऱ्या मालकाने त्याच्याच शब्दावर दिली, आणि नोंदणी पक्की होईपर्यंत थोडं काम घ्यायची तात्पुरती परवानगीही त्यानेच खटपट करून आणली. पण त्याला एक खोड होती. चष्म्याची काडी चावत प्रत्येक गोष्टीला म्हणायचा, "होऊन जाईल, आक्का, होऊन जाईल."

"हा असं म्हणाला की माझ्या पोटात खड्डा पडतो," आक्का म्हणायची.

एक दिवस तो आला आणि 'होऊन जाईल' म्हणालाच नाही. तेव्हा तर आम्ही तिघीही घाबरलो.

तो म्हणाला, "इथे काही परके लोक नुसत्या कागदावर कंपन्या काढतात आणि परवाना पदरात पाडून घेतात. म्हणून हल्ली ऑफिसातून तपासायला माणूस येतो. उद्या आपल्याकडे एक बाई येतायत. त्या 'इथे धंदा आहे' म्हणाल्या तर नोंदणी. 'नाही' म्हणाल्या तर..." आणि तो काडी चावू लागला.

"मग काय करायचं?" धाकटीने विचारलं.

"टापटीप करा. टेबल, खुर्ची, कॉम्प्युटर. ऑफिस वाटलं पाहिजे. आणि हा दगड हलवा बघू इथून. त्या बाई विचारतील, ही कंपनी आहे की वस्तुसंग्रहालय?"

आक्का म्हणाली, "आणि त्यांनी विचारलं, धंदा कशावर करता, तर काय दाखवायचं? फुलदाणी?"

"आई, तुला नाही कळत गं इथलं."

हे शब्द ऐकले की आक्काचं तोंड बंद होतं आणि भांडी बोलायला लागतात. त्या संध्याकाळी भांडी फार बोलली. पण तिने आडकाठी केली नाही. कारण आपल्या घरांतून ही रीत तिच्याही अंगात मुरलेली. कुणी मोठं माणूस घरी यायचं म्हटलं की कामाचा पसारा आधी दृष्टीआड करायचा. शिवण, चाळणी, सूप, दळण, सगळं खाटेखाली. पाहुण्याला कसं, या घरात कुणी कष्टच करत नाही असं दिसलं पाहिजे! दोघींनी मिळून लादी घासली, भिंतीवरचे राखाडी शिंतोडे पुसले, गिऱ्हाइकांच्या चिंध्या बांधलेल्या सुऱ्या-कात्र्या खणात कोंबल्या. आणि त्या गडबडीत मी गेले पडद्याआड, पाण्यासकट. आक्काला वाटलं धाकटीने डोणी रिकामी केली असेल. धाकटीला काहीच वाटलं नाही, कारण ती आरशासमोर परक्या भाषेतली वाक्यं पाठ करत होती, आणि प्रत्येक वेळी तिसऱ्याच वाक्याला अडत होती.

रात्रभर मी पाणी पीत राहिले. नको नको म्हणत पीत राहिले.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. चादर घसरली होती तिथून, पडद्याच्या फटीतून मला त्यांचे जाड तळाचे बूट दिसले आणि खांद्यावरची भलीमोठी पिशवी. त्या बोलायच्या ते त्यांच्या भाषेत. पण कागदवाला आक्काजवळ उभा राहून हळू आवाजात सांगत होता, म्हणून मलाही कळत होतं.

बाईंनी खोलीभर पाहिलं. टेबलावरून बोट फिरवून पाहिलं, बोटाला काही लागलं नाही. कॉम्प्युटर चालू करायला सांगितला, त्यात एक डोंगराचं चित्र निघालं आणि बाकी काही नाही.

"त्या विचारतायत, इथे नक्की काय काम होतं," कागदवाला कुजबुजला.

धाकटीने पाठ केलेलं म्हटलं. आम्ही हॉटेलांना सेवा देतो. सल्ला देतो.

"त्या म्हणतायत, कसली सेवा? कशाने देता? हत्यारं कुठे आहेत, यंत्र कुठे आहे?"

धाकटी तिसऱ्या वाक्याला अडली. तिचा हात पडद्याकडे अर्धा उचलला गेला आणि तिथेच थांबला. मला कळलं तिचं काय झालं ते. आता पडदा सारला तर बाई विचारणार, मग लपवलं का होतं? आणि न सारला तर इथे धंदाच नाही असं ठरणार. फटीतून मला तिची बोटं दिसत होती. ओढणीचं टोक पिळत होती, लहानपणी पडून गुडघा फुटला की पिळायची तशी. मित्रांनो, माझा राग तेव्हा कुठल्या कुठे गेला. मला वाटलं, मला तोंड असतं तर ओरडले असते!

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पिशवी खांद्याला अडकवली.

"चालल्या?" आक्का दचकून म्हणाली. "काही न खाता?"

"आक्का, त्या तपासायला आल्यात, जेवायला नाही," कागदवाल्याने दबक्या आवाजात सांगितलं.

"माझ्या उंबऱ्यातून कुणी कोरड्या तोंडाने गेलेलं नाही. तो वस्तरेवाला न्हावीसुद्धा नाही. बसा म्हणावं त्यांना."

आणि तिने हातानेच बाईंना अशी काही खुर्ची दाखवली की त्या बसल्या. आक्काच्या हाताला कुठलीही भाषा लागत नाही. तिने ताटलीत दोन सफरचंदं घेतली आणि घरची सुरी काढली. सुरी सालीवरून घसरली. पुन्हा टेकवली, पुन्हा घसरली. सफरचंद चेपलं पण कापलं नाही. खणात गिऱ्हाइकांच्या डझनावारी सुऱ्या होत्या, केसाचे दोन तुकडे करतील अशा. पण त्यांना हात लावायचा नाही, नियम म्हणजे नियम. तिकडे धाकटी डोळ्यांनी विनवत होती, आई, राहू दे. पण पाहुणीसमोर आपल्या सुरीची अब्रू जात होती, ते आक्काला कसं सहन व्हावं!

ती उठली, तडक आली आणि पडदा सर्रकन बाजूला केला. चादर ओढून मोरीत फेकली. पदर खोचला आणि पायपट्टीवर पाय ठेवला.

पहिल्याच फेऱ्याला मी धडधडले. सगळा सांगाडा हादरला. आक्काचा पाय क्षणभर थबकला. तिने डोणीत पाहिलं, पाणी काठोकाठ. मग तिने मान वळवून धाकटीकडे पाहिलं, आणि ती नजर मला नको होती, कुणालाच नको.

माझ्या मनात एकच भीती होती, आता जर मी तडकले तर? आक्काच्या हाताशी दगडाचा तुकडा उडाला तर? पण आक्का मला माझ्याहून जास्त ओळखते. तिने जोर केला नाही. आजारी माणसाला उठवून चालवावं तसं मला हळूहळू फिरवलं. जड बाजू वर येताना दाब, खाली जाताना पाय सैल. धडधड कमी झाली. मग तिने सुरीचं पातं माझ्यावर टेकवलं, अगदी हलकं, आणि माझ्या ओळखीचा तो आवाज खोलीत भरला. सर्र... सर्र... राखाडी पाण्याचे शिंतोडे नुकत्याच पुसलेल्या भिंतीवर पुन्हा उडाले.

बूट माझ्या दिशेने आले. बाई वाकून पाहत होत्या. त्यांनी आसाला लागलेलं तेल पाहिलं, माझ्या पायांवर वर्षानुवर्षं चिकटून बसलेला लोखंडाचा गाळ पाहिला, पायपट्टीवर आक्काच्या टाचेने पडलेला खळगा पाहिला. आक्काने सुरी पुसली आणि सफरचंदाची इतकी पातळ फोड कापली की तिच्यातून पलीकडची खिडकी दिसावी. ती ताटलीत ठेवून पुढे केली. बाईंनी खाल्ली. मग त्यांनी खण उघडला, चिंध्या बांधलेल्या सुऱ्या एकेक करून पाहिल्या आणि धाकटीकडे वळून काहीतरी विचारलं.

कागदवाल्याने सांगितलं, "त्या विचारतायत, हे सगळं पडद्यामागे का होतं?"

पाठ केलेल्यात हा प्रश्न नव्हता. धाकटी मोडक्यातोडक्या शब्दांत म्हणाली, "आमच्याकडे पाहुणे येणार असले की आम्ही काम आवरून ठेवतो."

माझं चाक आपल्याच वजनाने अर्धा फेरा फिरलं आणि जड बाजू खाली येऊन थांबलं.

बाई काहीतरी म्हणाल्या आणि ताटलीतली दुसरी फोड उचलली.

"त्या म्हणतायत," कागदवाल्याने घसा साफ केला, "मी पाहुणी नाही. मी कामच बघायला आले होते."

मघाचं लिहिलेलं त्यांनी खोडलं आणि नवीन लिहिलं. म्हणाल्या, चाकावर पत्र्याची झाकणी बसवा, कुणाचं बोट जाता कामा नये. ती बसवलीत की नोंदणीला माझी हरकत नाही. एवढं सांगून त्या गेल्या. बूट दिसेनासे झाले तेव्हा धाकटी भिंतीला टेकून लादीवरच बसली.

"बघा, म्हटलं नव्हतं? होऊन गेलं!" कागदवाला म्हणाला.

आक्का म्हणाली, "हो. तुमच्या फुलदाणीने झालं. जाताना घेऊन जा ती."

पुढे झाकणी बसली. म्हातारपणी मला नवा दागिना. मला आधी तो टोचला, आता सवय झाली. नोंदणी झाली, दारावर पाटी लागली, धाकटीचा परवानाही झाला. एक विजेचं यंत्रही आलंय शेजारी, फार गुरगुरतं. नाजूक कात्र्या मात्र माझ्याकडेच येतात. त्या रात्रीचं पाणी उतरायला मला बरेच दिवस लागले, आणि अजूनही थंडीत माझी एक बाजू जराशी अडते. तडा नाही गेला, हे आजोबांच्या कानाचं पुण्य.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू असेल. तिला मखरात बसवू नका, फुलं वाहू नका. वापरा, वापरून झाली की पुसून कोरडी करा, तेलाचा एक थेंब द्या आणि जिथे उजेड येतो तिथे ठेवा. आम्हाला याहून जास्त काही लागत नाही. कुणी मोठं माणूस यायचं असलं तरी आमची जागा हलवू नका. आम्हाला लाज वाटत नाही, तुम्हाला का वाटावी?

पण त्या दिवशीचं शेवटचं राहिलंच सांगायचं. कागदवाला फुलदाणी काखेत मारून गेला. धाकटी अजून लादीवरच होती. हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं. आक्काने उरलेलं सफरचंद कापलं, एक फोड तिच्या हातावर ठेवली आणि कमरेवर हात देऊन तिच्यासमोर उभी राहिली.

"धाकटे, कान उघडे ठेवून ऐक. आपलं भांडण असेल ते लपव, आपलं रडणं असेल ते लपव, मी काही बोलणार नाही. पण जिच्या जिवावर तू शाळा शिकलीस, तिला परत कुणासमोर झाकलंस, तर कंपनी तुझी असली तरी कान माझ्या हातात येईल. कळलं? खा ते आधी. आणि मग ऊठ, तिच्या पोटाखालचं पाणी काढ."